जाताना साडेचार तास, येताना साडेसात तास? बेटावरून बेटावर जाण्याचा हिशेब

मी मुंबईत लालबाग-परळ भागातल्या बचत गटांचं काम पाहते. या कार्यक्रमात आपण व्याजाचा हिशेब केला, बँकेचे कागद वाचायला शिकलो. आज हिशेबच करायचा आहे, पण विमानप्रवासाचा.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं विमानात बसायचंय? पण आपण नाही बसलो तरी घरातलं कुणी ना कुणी बसतंच. कुणाचा मुलगा आखातात आहे, कुणाचा जावई बोटीवर आहे, कुणाची भाची परदेशात नर्स आहे. माणूस निघाला की घरातली बाई घड्याळाकडे डोळे लावून बसते. फोन येईपर्यंत घास गोड लागत नाही. कधी फोन यायला हवा, किती उशीर झाला तर काळजी करायची, हे माहीत असलं तर निम्मा घोर कमी होतो. शिवाय तिकीट वाचता आलं तर फसवणूकही टळते आणि विमानही चुकत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी मॉरिशसला हॉटेलात नोकरीला निघाली. बैठकीत तिकीट सगळ्यांच्या हातातून फिरलं. जाताना मुंबईहून रात्री २ वाजता निघायचं आणि मॉरिशसला सकाळी ६:३० ला पोचायचं. परतीचं विमान तिथून संध्याकाळी ६ ला सुटणार आणि मुंबईत रात्री १:३० ला उतरणार. बायकांनी बोटं मोजली. जाताना साडेचार तास, येताना साडेसात तास! एक आजी म्हणाल्या, "येताना लांबच्या वाटेनं आणतात की काय?"

लांबच्या वाटेनं कुणी आणत नाही. विमान दोन्ही वेळा सहाच तास उडतं. मग हे तीन तास गेले कुठं, हे समजून घ्यायचं असेल तर तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली अंतर, दुसरी प्रवासाला लागणारा वेळ आणि तिसरी घड्याळात दिसणारी वेळ. आपण या तिन्हींची खिचडी करतो, म्हणून गोंधळ होतो.

आधी अंतर घेऊया. मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट आहे. आकार साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. पण ज्या विमानतळावरून आपण निघतो, तोही बेटावरच आहे. अंधेरी-सांताक्रूझकडचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ साष्टी बेटावर आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी. पूल आणि रेल्वे झाल्यामुळे ते बेट आहे हे आपण विसरून गेलो. म्हणजे मुंबई-मॉरिशस हा बेटावरून बेटावर जाण्याचाच प्रवास झाला.

या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे कसं? एक नारळ घ्या. त्यावर दोन ठिकाणी हळदीचे ठिपके द्या. आता दोरा एका ठिपक्यावर धरून दुसऱ्यापर्यंत ताणा. ताणलेला दोरा नारळाच्या पाठीवरून जी वाट धरतो, ती सगळ्यात जवळची वाट. पृथ्वी गोल आहे, म्हणून विमानाचं अंतर असं मोजतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून लांबच्या प्रवासाचं अंतर बरोबर येत नाही.

नारळाच्या बरोबर मध्यावर आडवा दोरा बांधला तर ते झालं विषुववृत्त. मुंबई त्याच्या वर साधारण १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस त्याच्या खाली साधारण २० अंशांवर. म्हणजे दोन्ही बेटं मधल्या रेषेपासून जवळजवळ सारखीच दूर, एक वर आणि एक खाली. याचा परिणाम ऋतूंवर होतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते तेव्हा तिथं उन्हाळा असतो. आपल्याकडे जून-जुलैमध्ये पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथं हिवाळा असतो. बॅग भरताना हे लक्षात ठेवावं लागतं.

आता दुसरी गोष्ट, प्रवासाला लागणारा वेळ. मोठं जेट विमान उंचावर गेलं की ताशी ८५० ते ९०० किलोमीटर जातं. पण वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, म्हणून सरासरी ताशी ८०० किलोमीटर धरला की हिशेब सोपा होतो. ४,७०० ला ८०० ने भागा. उत्तर येतं सहाच्या जवळ. म्हणजे सहा तास. परगावच्या माणसाचा प्रवास किती तासांचा असेल, हे आपलं आपल्याला असं काढता येतं.

यात दोन अडी आहेत. एक म्हणजे विमान कसलं आहे. मॉरिशसच्या ताब्यात रॉड्रिग्ज नावाचं एक छोटं बेट आहे, मॉरिशसपासून सुमारे ६०० किलोमीटरवर. आपल्या हिशेबानं पाऊण तास यायला हवा. पण तिथं पंख्याची छोटी विमानं जातात. त्यांचा वेग कमी, म्हणून साधारण दीड तास लागतो. लाल डबा आणि शिवनेरी एकाच रस्त्यानं गेल्या तरी वेळ सारखा लागत नाही, तसंच हे.

दुसरी अडी वाऱ्याची. होडी वल्हवणाऱ्या कोळणींना हे सांगायला नको. वारा पाठीशी असला तर वेळ वाचतो, तोंडावर आला तर वाढतो. आभाळात खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, विशेषतः थंड प्रदेशांच्या बाजूला. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. हा फरक खरोखरचा असतो, विमानात बसल्या जागी भोगावा लागतो. मॉरिशस मात्र आपल्या दक्षिणेला आहे, थोडं पश्चिमेकडे कललेलं. त्यामुळे या प्रवासात वाऱ्याचा फरक फार पडत नाही.

मग ते तीन तास? ते तिसऱ्या गोष्टीत आहेत, घड्याळात. सूर्य सगळीकडे एकदम उगवत नाही. पूर्वेला आधी उगवतो, पश्चिमेला नंतर. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती पूर्ण फिरते, म्हणजे ३६० अंश. त्यामुळे एका अंशाला ४ मिनिटं पडतात. भारतानं आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलं आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मॉरिशसनं आपलं घड्याळ ६० अंशांच्या रेषेवर लावलं आहे. वजाबाकी करा, साडेबावीस अंश. त्याला चारने गुणा, ९० मिनिटं. म्हणून मॉरिशसचं घड्याळ आपल्या मागे दीड तास असतं. आपल्याकडे सकाळचे ८ वाजले की तिथं ६:३० वाजलेले असतात.

आता ताईंच्या मुलीचं तिकीट परत बघूया. रात्री २ ला विमान सुटलं, सहा तास उडालं, म्हणजे आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजले. पण तिकिटावर पोचायची वेळ तिथल्या घड्याळानं लिहितात. ८ मधून दीड तास वजा केला की ६:३०. येताना तिथून संध्याकाळी ६ ला सुटलं, सहा तासांनी तिथल्या घड्याळात रात्रीचे १२ वाजले. आपल्याकडे तेव्हा १:३०. जाताना दीड तास कमी दिसला आणि येताना दीड तास जास्त दिसला, म्हणून तीन तासांचा फरक वाटला. खरं कुणी काही घेतलं नाही आणि दिलंही नाही.

नियम एकच लक्षात ठेवा. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची असते. म्हणून आपली वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणायच्या. गटाच्या वहीत रुपये आणि पैसे एकाच रकान्यात मिसळले तर बेरीज चुकते ना, तसंच हे.

घड्याळ ही सूर्यानं दिलेली गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं, पण ती माणसांनी ठरवलेली आहे. याची गोष्ट आमच्या गिरणगावातच घडली आहे. पूर्वी मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, बॉम्बे टाइम. १९०६ साली साऱ्या देशासाठी एकच वेळ लावायचं ठरलं, तेव्हा मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करावी लागणार होती. गिरणी कामगारांच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? भोंगा तोच, पण सूर्याच्या मानानं ३९ मिनिटं लवकर उठून कामावर जायचं. जानेवारी १९०६ मध्ये कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध एका गिरणीत काम बंद पाडलं. शहरात वाद झाला आणि पुढे कितीतरी वर्षं मुंबईत दोन वेळा चालू राहिल्या. १९५५ पर्यंत मुंबईची जुनी वेळ पूर्ण गेली नव्हती. पहाटे उठून डबे करणाऱ्या बायकांना त्या ३९ मिनिटांचा अर्थ सगळ्यात आधी कळला असणार.

घड्याळ माणसं ठरवतात याचा आणखी एक दाखला बघा. मुंबईपासून दोन बेटं जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. पश्चिमेला बहारीन, सुमारे २,४०० किलोमीटर. तिथला विमानतळ मुहर्रक नावाच्या बेटावर आहे. पूर्वेला अंदमान, तिथल्या वीर सावरकर विमानतळापर्यंत सुमारे २,३०० किलोमीटर. बहारीनला गेलात तर घड्याळ अडीच तास मागे करावं लागतं. अंदमानला गेलात तर घड्याळाला हातही लावायचा नाही, कारण ते भारतात आहे आणि देशाची वेळ एक आहे. पण सूर्याला देशाची हद्द कळत नाही. अंदमानात आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उजाडतं आणि आधीच अंधार पडतो. घड्याळ मुंबईचं, उजेड मात्र तिथला.

आता चौथी गोष्ट, जी तिकिटावर कधीच छापलेली नसते. घरच्या उंबऱ्यापासून तिथल्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ. विमान सहा तास उडतं हे खरं, पण माणूस सहा तासांत पोचत नाही.

समजा, तुमची मुलगी कोकणातल्या गावातून निघाली. एसटीनं मुंबईपर्यंत आठ-दहा तास. नातेवाइकांकडे परळ-लालबागला उतरली, आंघोळ-जेवण केलं. परदेशी विमानासाठी विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं. तिथं सामान द्यायचं, पासपोर्ट तपासून घ्यायचा, सुरक्षा तपासणी करायची. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी आत घेत नाहीत. मग सहा तास विमानात. उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट, सामान, रांगा, त्यात तास-दीड तास. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय बाजूला आहे आणि राजधानी पोर्ट लुई वायव्य बाजूला, सुमारे ४५-५० किलोमीटर. गाडीनं आणखी तासभर. सगळं धरलं तर घरातून निघाल्यापासून चोवीस तास सहज होतात. सहा तासांचं विमान म्हणून सातव्या तासाला फोनची वाट बघायची नाही, ती यासाठी.

मुंबईतलं अंतरही हिशेबात धरा. गिरगावहून विमानतळ पंचवीसेक किलोमीटर. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कुलाब्याकडून आरेपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव, दादर ही स्थानकं तिच्यावर आहेत आणि विमानतळाच्या टी १ आणि टी २ या दोन्ही इमारतींपाशीही ती थांबते. गिरगावहून टी २ ला साधारण पाऊण तासात पोचता येतं. परदेशी विमानं टी २ वरून सुटतात. पण मेट्रो रात्रभर चालत नाही आणि परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतरच असतात. लालबाग-परळहून निघणाऱ्यांना मेट्रो अगदी दाराशी नाही, त्यांना टॅक्सीच बरी पडते. गणपतीत, त्यातही विसर्जनाच्या दिवशी, आमच्या भागातून गाडी हलत नाही. त्या दिवशी विमान असेल तर आदल्या दिवशी अंधेरीकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल.

आणखी एक काळजी. नवी मुंबईतही आता विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि वर्षअखेरीस विमानं सुरू झाली. तो पनवेलकडे, खाडीपलीकडे आहे. म्हणून तिकिटावर नुसतं मुंबई वाचून थांबू नका. जुन्या विमानतळाची खूण बीओएम आणि नव्या विमानतळाची खूण एनएमआय अशी तीन अक्षरं असतात. ती मुलांकडून वाचून घ्या. चुकीच्या विमानतळावर गेलं तर मधलं अंतर कापायला दीड-दोन तासही लागू शकतात.

अंतर तेच राहतं, पण वेळ माणसांच्या कामानं कमी होतो. याची सगळ्यात मोठी साक्ष मुंबईच देते. एके काळी ही सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. गिरगाव मुंबई बेटावर, लालबाग-परळ परळ बेटावर. मधल्या खाड्यांत भर टाकून ती जोडली गेली. पण माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, पलीकडे साष्टी. समोर वांद्रे दिसायचं, पण जायला होडी लागायची. पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची. कंपनी सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली की येणाऱ्याजाणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा तो बांध वाहतुकीला खुला झाला. दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रस्ता त्यांच्याच नावाचा. आज लालबागहून विमानतळाला रस्त्यानं जाणारी कितीतरी माणसं माहीमवरून जातात, पण एका बाईनं ही वाट मोकळी केली हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मॉरिशसच्या वाटेचंही तसंच. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि मुंबई बंदरातूनही. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती. तेव्हाही अंतर साडेचार-पाच हजार किलोमीटरच होतं. पण शिडाची जहाजं वाऱ्यावर चालायची, आठवड्यांमागून आठवडे पाण्यात जायचे. पाच वर्षांचा करार करून गेलेला माणूस पोचला की वाटेत गेला, हे घरी कळायला कितीतरी महिने लागत. कित्येकांचं कधीच कळलं नाही. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या जागी हे मजूर उतरत, तिला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. सुमारे पाच लाख मजूर त्या वाटेनं गेले. त्यांच्यामागे गावात थांबलेल्या बायका किती, याची नोंद कुणी ठेवली नाही.

त्या माणसांनी तिथं मराठी टिकवली. आजही तिथल्या शाळांत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आपली मुलगी तिथं जाते तेव्हा अगदीच परक्या मुलखात जात नाही, हेही आईला सांगण्यासारखं आहे.

आता तिकीट वाचायच्या चार-पाच गोष्टी. वहीत लिहून घ्या.

पहिली, तारीख. विमान रात्री १२ नंतर असेल तर तारीख बदललेली असते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच जायचं. "१५ ला विमान आहे" म्हणून १५ च्या रात्री गेलेली माणसं दरवर्षी दारातून परत येतात आणि पैसेही बुडतात. चोवीस तासांचं घड्याळ वाचायची सवय करा. १४ म्हणजे दुपारचे २, २१ म्हणजे रात्रीचे ९.

दुसरी, पोचायच्या वेळेपुढे अधिक एक असं लिहिलेलं असेल तर विमान दुसऱ्या दिवशी पोचतं.

तिसरी, विमान मध्ये थांबतं का. न थांबणारं विमान मुंबई-मॉरिशस सहा तासांत जातं. तेच दुबईवरून गेलं तर आधी पश्चिमेला सुमारे १,९०० किलोमीटर आणि मग खाली सुमारे ५,१०० किलोमीटर, म्हणजे ४,७०० चे ७,००० झाले. मध्ये विमान बदलायला काही तास बसावं लागतं. असं तिकीट कधी स्वस्त पडतं, पण एकटी पहिल्यांदा जाणारी मुलगी असेल तर दोन-पाच हजार वाचवायचे की वाट सोपी ठेवायची, हे घरच्यांनी आधीच ठरवावं. विमान बदलायचं असेल तर सामान शेवटच्या गावापर्यंत जाणार आहे का, हे मुंबईतच काउंटरवर विचारावं.

चौथी, नोकरीसाठी जाणाऱ्यांना एजंट तिकीट दाखवतो तेव्हा हिशेब करून बघा. सांगितलेलं गाव आणि तिकिटावरचं गाव एकच आहे का? तास जुळतात का? नोकरीचं सांगून पर्यटनाच्या व्हिसावर पाठवत नाहीत ना? परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याची नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. त्याला सेवेपोटी ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. गटाचं कर्ज काढून कुणी याहून जास्त पैसे एजंटाला देत असेल तर कर्ज मंजूर करण्याआधी हे प्रश्न गटानं विचारायलाच हवेत. पैसा सगळ्यांचा आहे.

पाचवी, औषधं. साखरेची, रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नाही.

आता गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक उदाहरण देते. बहारीन २,४०० किलोमीटर. ८०० ने भागलं की ३ तास. समोरचा वारा आणि धावपट्टीवरचा वेळ धरून साडेतीन तास घेऊ. घड्याळ आपल्या मागे अडीच तास. मुंबईहून सकाळी १० ला निघालं तर तिथं किती वाजता पोचेल? आणि तिथून संध्याकाळी ५ ला निघालं तर मुंबईत किती वाजतील? आधी स्वतः करा, मग उत्तर ताडून बघा. जाताना सकाळी ११, येताना रात्री ११. तिकिटावर जायला एक तास आणि यायला सहा तास दिसतील. आता कुणी तुम्हाला विचारलं तर तुम्ही समजावून सांगाल.

ज्यांचं माणूस बाहेर आहे त्यांनी दारामागच्या कालनिर्णयावर चार ओळी लिहून ठेवा. विमानाचा नंबर, निघायची वेळ, पोचायची वेळ आपल्या घड्याळात आणि घरी टेकायची वेळ आपल्या घड्याळात. फोनची वाट शेवटच्या वेळेपासून बघायची. त्यानंतरही दोन-तीन तास फोन नाही आला, तर विमानाचा नंबर सांगून विमान कंपनीकडे चौकशी करायची. विमान उतरलं की नाही, एवढं ते सांगू शकतात.

तुमच्या गटातलं कुणी कुठल्या बेटावर, कुठल्या देशात आहे, त्यांची यादी करा आणि प्रत्येकाचं घड्याळ आपल्यापेक्षा किती पुढे-मागे आहे ते त्यापुढे लिहा. पुढच्या भागात परदेशातून पैसे पाठवताना बँक किती कापून घेते आणि ते कसं तपासायचं, ते बघूया. तोपर्यंत नमस्कार.